मदत हवी आहे: किराण्याचे पैसे फार कमी, घरात दोन लहान मुलं. कपात नेमकी कुठे करू?

चौघांचंघर:

नमस्कार मंडळी,

घरात आम्ही चौघं. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा आणि अजून अंगावर पितो. नवऱ्याचं काम निम्म्यावर आलं आहे, माझी नोकरी बाळंतपणानंतर पुन्हा सुरू झालेली नाही. भाडं आणि कर्जाचा हप्ता ठरलेला, त्यात काही इकडचं तिकडे करता येत नाही. त्यामुळे महिन्याला जे कमी पडतं ते सगळं किराण्यातून काढावं लागतं. तेवढी एकच जागा आमच्या हातात उरली आहे.

आत्ता मी असं करते. धान्य भरपूर आणते, कारण त्याने पोट भरतं. डाळ पातळ करते. दूध आणि अंडी महाग वाटतात म्हणून तीच आधी कमी केली. तेलही मोजून वापरते. बाळाला डाळीचं वरचं पाणी आणि पातळ पेज देते. नवऱ्याला दिवसभर उभ्याने काम असतं, म्हणून त्याचा डबा आधी भरते, मग मुलांचं, मग उरेल ते माझं.

मुलगी पोटभर जेवते आणि थोड्याच वेळात पुन्हा खायला मागते. बाळाचं वजन मागच्या वेळेपेक्षा अगदी थोडंच वाढलं. डॉक्टरांनी "लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं. ओळखीच्या बायका वाढीच्या पावडरचा डबा आणायला सांगतात. त्या एका डब्याच्या पैशात आमचं बरंच वाणसामान येईल, पण तो खरंच लागत असेल तर काहीही करून आणेन.

मला एवढंच कळायला हवं आहे: पैसे एवढेच असताना कुठे कापलं तर चालेल आणि कुठे अजिबात कापू नये? "भाज्या स्वस्त असतात", "घरचं खा" हे माहीत आहे, घरचंच खातो. आम्ही अंडी खातो, मांस-मासे नाही. फ्रीज आहे, कुकर आहे. ज्यांनी असे दिवस काढले आहेत किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवंती:

ताई, मी लहान मुलांच्या आहाराचं काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाळापासून सुरू करते, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात मोठा फरक तिथे पडेल.

डाळीचं वरचं पाणी आणि पातळ पेज आजपासून थांबवा. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. म्हणजे आठ किलोच्या बाळाला एक वाटी, फार तर थोडं जास्त. ती वाटी पाण्याने भरली तर पोट भरेल, पण अंगी काही लागणार नाही. डाळीतली प्रथिनं खाली बसलेल्या गाळात असतात, वरच्या पाण्यात नाही. तीच डाळ, तोच भात घट्ट शिजवून कुस्करा. चमच्यातून पटकन ओघळणार नाही इतकं दाट हवं. त्यात प्रत्येक वेळी एक छोटा चमचा तेल घाला. पाच मिलिलिटर तेलात चाळीसच्या वर किलोकॅलरी असतात आणि जागा जवळजवळ लागत नाही. तेल मोजून वापरता ते बरोबर आहे, पण ती कपात मोठ्यांच्या ताटात करा.

दहाव्या महिन्यात दिवसातून तीन ते चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा थोडंसं काही, शिवाय तुमचं दूध. अंडं चालतं, पूर्ण शिजवलेलं. एक वर्षापर्यंत मध नको आणि वरचं मीठ-साखर नको. शेंगदाणे द्यायचे ते भाजून, अगदी बारीक कूट करून, घट्ट जेवणात मिसळून आणि आधी चिमूटभर देऊन बघून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. हे मुलीलाही लागू आहे.

पावडरचा डबा नको. भाजलेलं धान्य तीन भाग, भाजलेली डाळ एक भाग, थोडे भाजलेले दाणे, एकत्र बारीक दळून कोरड्या डब्यात ठेवा. हवं तेव्हा दाट शिजवायचं. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. डाळ-तांदूळ गरिबाचं जेवण म्हणून कमी लेखू नका.

आता तुमच्याबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहिते आहे. उरेल ते खाणं बंद करा. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त लागतात. तुम्ही कमी खाल्लंत तरी दूध बराच काळ येत राहील, पण ते तुमच्या हाडांतून आणि रक्तातून येईल. बाळाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं अन्न तुमच्या ताटातून तयार होतं. नवऱ्याचा डबा भरताना त्याच वेळी तुमचंही ताट वाढून बाजूला ठेवा.

पाटीपेन्सिल:

वरचा प्रतिसाद फार मोलाचा. मी खरेदीबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे तीन मुलं लहान असताना हिशोब माझ्याकडे होता.

वस्तू महाग की स्वस्त हे किलोच्या भावावरून ठरवू नका, त्यात प्रथिनं किती आहेत त्यावरून ठरवा. एक किलो डाळीत ढोबळमानाने २२० ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यात किलोला २५० ग्रॅमच्या आसपास, सोयाबीनमध्ये ३५०च्या आसपास. डझनभर अंड्यांत सत्तरच्या थोडं वर. एक लिटर दुधात तीस-बत्तीस. तुमच्याकडचा भाव या आकड्याने भागा आणि कागदावर मांडा. कडधान्य आणि दाणे बहुतेक ठिकाणी वर येतात. अंडी वाटतात तेवढी मागे नसतात. बिस्किटं, तयार नाश्त्याची पाकिटं, गोड पेयं तळाला जातात. घरी मुलांसाठी म्हणून काय काय येतं तेही याच कागदावर लिहून बघा.

मुलीला दिवसाला साधारण १६ ते १९ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ३० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे सात ग्रॅम, एक अंडं सहा ग्रॅम, बाकीचं धान्यातून येतं, कारण गव्हातही शंभराला दहा-बारा ग्रॅम असतातच. म्हणजे हे तुमच्या पैशात बसण्यासारखं आहे. तुम्ही डाळ पातळ केलीत म्हणून मुलगी पुन्हा मागते आहे असं मला वाटतं. नुसत्या धान्याने पोट भरतं पण टिकत नाही.

आमच्या घरी एक नियम होता: पगाराच्या दिवशी आधी महिन्याची डाळ, तेल, धान्य आणि आयोडीनयुक्त मीठ घरात आलं पाहिजे, मग उरलेल्या पैशांचे चार भाग. प्रत्येक आठवड्याला एक भाग, त्यात भाजी, अंडी, दूध. आठवड्याचा भाग संपला की संपला. शेवटच्या आठवड्यात मुलांच्या ताटात एकाच रंगाचं जेवण येत नसे ते यामुळे.

वाळवण:

मी तर म्हणेन चार वर्षांच्या मुलीचं दूध पूर्ण बंद करा. एवढ्या पैशात डाळ किती येईल बघा!

शेवंती:

पूर्ण बंद नको. हे कुटुंब मांस-मासे खात नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, त्यांच्यासाठी ते दूध आणि अंडी यांतूनच येणार. कॅल्शियमसाठीही दूध हवंच. पण प्रमाण नक्की बघा. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला दीड-दोन कप पुरतात. काही घरांत मूल जेवत नाही म्हणून दूधच पाजत राहतात. त्याने जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं. दही लावत असाल तर तेही दुधातच मोजा. बाळाला वर्ष होईपर्यंत वरचं दूध पेय म्हणून देऊ नका, जेवणात थोडं घातलेलं चालतं.

लोहाचा विषय निघालाच आहे तर तो मला प्रथिनांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. बाळाची जन्मतः आलेली साठवण सहा महिन्यांच्या सुमारास संपत येते. कडधान्यात आणि पालेभाजीत लोह आहे पण शरीर ते सहज घेत नाही. सोबत लिंबू पिळा, पेरू किंवा टोमॅटो द्या, म्हणजे क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. कडधान्य भिजवून, मोड आणून शिजवलं की अडथळा आणणारे फायटेट कमी होतात. जेवणासोबत चहा-कॉफी कोणीही घेऊ नका, तासाभराने घ्या. लोखंडी कढई असेल तर आंबट घातलेली भाजी तिच्यात करा, थोडं लोह त्यातूनही उतरतं. भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. आणि डॉक्टरांना बाळासाठी लोहाच्या थेंबांबद्दल विचाराच, अनेक ठिकाणी सरकारी दवाखान्यात ते मोफत असतात.

गोधडी:

इंधनाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. अख्खं कडधान्य रात्री भिजवून ठेवलं तर शिजायला निम्म्याच्या आसपास वेळ लागतो. भिजवलेलं पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवा. राजमा मात्र नीट खळखळून उकळला पाहिजे, अर्धाकच्चा पोटाला फार त्रास देतो. एकदाच जास्त शिजवून दोन-तीन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेवा, रोज त्यातलं थोडं काढून वेगळ्या भाजीत घाला. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ दे, भात तर नक्कीच, आणि गरम करताना वाफ निघेपर्यंत. मुलांचं पोट बिघडलं तर खाल्लेलं सगळं वाया जातं आणि औषधाचा खर्च वेगळा.

भाजीत मला पैशाला पुरून उरणाऱ्या वाटतात त्या कोबी, गाजर, लाल भोपळा आणि हंगामातली कुठलीही गडद पालेभाजी. भोपळा-गाजरातून अ जीवनसत्त्व मिळतं, ते तेलाबरोबर नीट शोषलं जातं. फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला टाकू नका, बारीक चिरून डाळीत शिजवा. बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात, तेव्हा जमलं तर जा. दाणे घेताना मात्र स्वस्तावर जाऊ नका. काळे पडलेले, बुरशी आलेले दाणे भाजूनही निर्धोक होत नाहीत, ते फेकून द्यायचे.

चौघांचंघर:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत, वाचताना डोळे भरून आले. डाळीच्या पाण्याचं कोणी आजवर सांगितलं नव्हतं. उलट तेच ताकदीचं असतं असं ऐकत आले. आजच घट्ट डाळ-भात तेल घालून दिला, त्याने सगळा संपवला.

पाटीपेन्सिल, तुमच्या पद्धतीने कागद मांडला. आमच्याकडे सगळ्यात महाग निघाली ती बिस्किटं. ती बंद करून तेवढ्यात रोज मुलीला एक अंडं, आणि आठवड्यातून काही दिवस बाळालाही, असं बसतंय. डाळ पुन्हा दाट करते आहे.

दोन गोष्टी अजून विचारते. बाळाचं वजन कमीच वाढत राहिलं तर घाबरायचं कधी? आणि महिन्याचं एकदम भरायचं म्हणता, पण पगार दोन हप्त्यांत येतो, एकदम घ्यायला हातात पैसे नसतात. मग काय करू?

शेवंती:

वजन दर महिन्याला त्याच काट्यावर करा आणि वाढीच्या तक्त्यावर खूण करा. घरी फीत असेल तर डाव्या दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तो १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर लगेच दाखवा. ११.५च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही पायांवर सूज, अंगात मरगळ, खायला अजिबात नकार, सतत जुलाब यातलं काही दिसलं तर मोजत बसू नका, निघा. आणि सरकारी किंवा संस्थांकडून लहान मुलांसाठी, पाजणाऱ्या आईसाठी जो काही आहार तुमच्या भागात मिळत असेल तो घ्या. तो तुमच्यासाठीच आहे, त्यात संकोच नको.

पाटीपेन्सिल:

पगार दोन हप्त्यांत येत असेल तर पहिल्यात डाळ, तेल आणि मीठ, दुसऱ्यात धान्य. डाळ आधी, कारण पैसे संपत आले की धान्य कसंही येतं, डाळ मागे राहते. शेजारी असंच एखादं घर असेल तर दोघांत मिळून मोठी पिशवी घ्या आणि घरी वजन करून वाटून घ्या. आम्ही ते बरीच वर्षं केलं. फक्त सुट्या भावाशी आधी ताडून बघा, मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं असं नाही. घरी आणलं की धान्य एकदा ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर वाचवलेले पैसे किडे खातील.