ओळखताना अडथळा नेमका कशाचा?

आधी शब्दांची यादी दाखवायची आणि नंतर एखादा शब्द तीत होता का ते विचारायचं, अशा स्मरणाच्या चाचणीत यादी लांबली की शब्द एकमेकांत मिसळतात आणि ओळखायला चुकतात, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. 'पाणी' हा शब्द यादीत होता का, असं विचारलं तर तो शब्द आपण पाहिलाय का, हा प्रश्नच नसतो. 'त्या वेळी' पाहिला का, हा असतो. 'पाणी' हजार ठिकाणी भेटलेला असतो, त्या गर्दीतून ती एकच भेट वेगळी काढायची म्हणजे कठीण. 'होकायंत्र' क्वचित भेटतो, म्हणून तो जास्त खात्रीने ओळखला जातो. डेनिस आणि हम्फ्रीज या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हेच मांडलं: अडथळा मुख्यतः त्याच शब्दाच्या जुन्या संदर्भांचा, शेजारच्या शब्दांचा नाही.

पण शेजारी अगदीच निरुपद्रवी आहेत असंही नाही हं. पलंग, उशी, जांभई, स्वप्न, थकवा अशी यादी कुणाला वाचून दाखवा आणि थोड्या वेळाने विचारा, 'झोप' होता का? बरेच जण ठामपणे हो म्हणतात. रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांचा १९९५ चा शोधनिबंध अशाच याद्यांवर आहे.

जागेचा परिणाम तपासणारा एक प्रयोग पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांवर झाला, तो गॉडन आणि बॅडली यांचा, १९७५ चा: शब्द जिथे शिकले, पाण्याखाली किंवा किनाऱ्यावर, तिथेच ते जास्त आठवले. त्यात शब्द मनाने आठवून सांगायचे होते. त्यांनीच १९८० मध्ये ओळखण्याची चाचणी घेतली, तेव्हा जागा तीच आहे की बदलली याने फरक पडला नाही. शब्दच समोर आला की जागेच्या खुणेची तेवढी गरज उरत नसावी, असं मला वाटतं.