विषय: पावसाळी ऑफर आणि सुरमई

हॉटेलांच्या पावसाळी ऑफरबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘निम्म्या दरात सुरमई म्हणजे शिळीच असणार’; हे काही पटलं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा जुलैत पूर्ण दर मोजलात तरी ताटात येणार ती बर्फातलीच. आम्ही रत्नागिरीकडे एका बड्या हॉटेलात अशाच ऑफरच्या ठरलेल्या मेनूला बसलो होतो. सुरमई वरून रव्याने कुरकुरीत, आत मात्र भुसा! पण सोडे (सुकवलेली कोळंबी) घालून केलेलं वांगं असं जमलं होतं की काय सांगू. पावसाळ्यात तेच खावं. वाटी पुन्हा मागितली तर वेटर म्हणाला, “साहेब, ऑफरमध्ये एकदाच.”

आणि हो, खोलीचं भाडं साडेसात हजारांवर असलेल्या हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ नाही, १८ टक्के लागतो. सवलत मोजताना तेही धरा.