मदत हवी आहे: चाळिशीनंतर एअर पिस्तूल आणि पुसट दिसणारी फ्रंट साईट

नमस्कार मंडळी,

नेरुळला राहते, वय ५४. हौस म्हणून १० मीटर एअर पिस्तूल मारते, सरावाला पनवेलच्या बाजूला जाते.

पिस्तुलाला रायफलसारखं डोळा लावायचं भोक नसतं, उघडी साईट असते: नळीच्या टोकाला उभी फ्रंट साईट आणि मागच्या बाजूला खाच, खाचेतून बघून नेम धरायचा. फ्रंट साईट लख्ख हवी, टार्गेटचं काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालेल, हे नव्या पोरांनाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझं उलटं झालंय. वर्तुळ छान दिसतं, साईटच्या कडा पुसट. खाचेत फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, तेच कळत नाही. आणि साईट एक मिलिमीटर जरी कलली तरी दहा मीटरवर गोळी जवळपास तीन सेंटीमीटर सरकते, म्हणजे मधला दहा थेट सातवर. सुरुवातीच्या गोळ्या बऱ्या जातात, पण ६० गोळ्यांचा पूर्ण सामना म्हटला की अर्ध्यातच डोळे चुरचुरायला लागतात.

नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदू नाही, डोळ्यांचा दाब ठीक, फक्त चाळिशी, असं सांगितलं. चष्मेवाल्याने प्रोग्रेसिव्ह दिला, म्हणजे वरून दूरचं आणि खालून जवळचं दिसणारा. त्यातून साईट दिसायला हनुवटी वर करावी लागते, की मान आणि खांदा दोन्ही बिघडतात.

सध्या पेन नाकाजवळ आणणं-नेणं चालू आहे, संध्याकाळी खाडीकाठी अंगठा आणि दूरचे दिवे यांवर आळीपाळीने नजर, शिवाय सासूबाईंचं त्राटक. भाचा मात्र तुर्की नेमबाज यूसुफ दिकेचचा फोटो पाठवत राहतो: "मामी, ५१व्या वर्षी पॅरिसला रौप्य, तेही साध्या चष्म्यावर!" बरं बाबा.

या व्यायामांनी कुणाला खरंच फरक पडलाय का? की भिंगच बदलायला हवं? नंबर नेमका कुठल्या अंतराचा घ्यायचा?

प्रतिसाद (ठाण्याहून):
ताई, पेनचा व्यायाम दोन्ही डोळे एकत्र वळवण्यासाठी असतो. तुम्ही नेम एका डोळ्याने धरता, मग त्याचा उपयोग काय? चाळिशीत डोळ्यातलं भिंगच ताठर होतं, ते व्यायामाने मऊ होत नाही. दूर-जवळ बघण्याने थकलेल्या डोळ्यांना आराम मिळतो, तेवढ्यासाठी करा.

प्रोग्रेसिव्ह रेंजवर नकोच. हात नेहमीसारखा उचला आणि डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. साधारण पाऊण मीटर भरेल. नेमाच्या डोळ्याला एकाच नंबरचं भिंग घ्यायचं: दूरच्या नंबरात बहुधा +०.५० किंवा +०.७५ मिळवतात. पूर्ण साईटच्या अंतराचा नंबर घेतला तर वर्तुळ फारच विरघळतं. तपासणीला पिस्तूल नेऊ नका, दुकानदार पळेल :) त्या लांबीची काठी न्या, टोकाला काळी पट्टी चिकटवा आणि ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीची, भिंगं बदलता येणारी) दोन्ही नंबर लावून बघा. नेमबाजीच्या फ्रेमला आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोक, बसवता येते. भोक लहान केलं की साईट आणि वर्तुळ दोन्ही जरा सुधारतात, पण उजेड कमी होतो.

दुसरा डोळा मिटू नका, त्याचा ताण नेमाच्या डोळ्यावर येतो. समोर अर्धपारदर्शक पट्टी लावा, नियमाप्रमाणे रुंदी ३० मिमीपर्यंत चालते.

प्रतिसाद:
त्राटकाने चित्त स्थिर होत असेल, पण त्यात पापणी लवू द्यायची नसते आणि तुमचे डोळे आधीच कोरडे वाटतायत. सामन्याच्या आदल्या दिवशी तरी नको. हात उचलण्याआधी दोन-तीनदा डोळे मिचकावा, आणि सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घ्या. टक लावून बघत राहिलं की साईट हलली तरी जुनंच चित्र दिसत राहतं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. आज टेप लावला, ७८ सेंटीमीटर भरलं. एका नंबरचं भिंग नेमबाजीच्या गोल फ्रेममध्ये घासून बसवून देणारं कुणी वाशीत किंवा ठाण्यात गोखले रोडच्या आसपास माहीत आहे का? आमच्या इथला म्हणतो, नेहमीची फ्रेम आणा.