सातवीच्या मुलांना प्रयोग आवडतात, पण विचारलं की काही सांगता येत नाही. काय करू?

सातवीच्या_मॅडम
नमस्कार, मी जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, सातवीत २९ मुलं आहेत. नुसतं पुस्तक वाचून दाखवते असं नाही, प्रयोग करते. मागच्या महिन्यात खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, मुलं अक्षरशः नाचली, आणि आठ दिवसांनी चाचणीत विचारलं फेस का आला तर निम्म्या मुलांनी लिहिलं "ज्वालामुखी फुटला म्हणून". खरंच खूप वाईट वाटलं त्या दिवशी. प्रयोगशाळा म्हणजे आमच्याकडे एक लोखंडी कपाट, त्यात थोड्या परीक्षानळ्या, एक चुंबक आणि फुटकं भिंग. मला असं काहीतरी हवंय जे ३५ मिनिटांच्या तासात बसेल, खर्च फार नसेल आणि मुलांच्या डोक्यात राहील. कोणी वर्गात स्वतः केलेलं सांगाल का, यूट्यूबवर बघितलेलं नको, ते मीही भरपूर बघितलंय.

निवृत्त_मास्तर
मॅडम, ३१ वर्षं शिकवलं आणि पहिली १० वर्षं माझंही हेच चालायचं. प्रयोग मी करायचो, मुलं बघायची. मग एक गोष्ट बदलली, प्रयोग सुरू करायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं की काय होईल आणि का, आणि पेन खाली ठेवायचं, नंतर खाडाखोड नाही. एवढ्यानेच वर्ग बदलतो हो, कारण आता त्याचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

तुम्ही ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती आणि वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा प्रयोग केलाच असेल. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. आपण काय सांगतो, ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं. मीही कितीतरी वर्षं हेच सांगितलं आणि ते चूक आहे. मुलांना स्वतः शोधू द्या. एकदा एक मेणबत्ती लावा, पाण्याच्या पातळीवर स्केचपेनने खूण करा. मग त्याच ग्लासात ३ मेणबत्त्या. आधी विचारा, पाणी तेवढंच चढेल, कमी की जास्त? ऑक्सिजन तर ग्लासात तेवढाच आहे ना, मग उत्तर 'तेवढंच' यायला हवं. पण पाणी चांगलंच जास्त चढतं! आता वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्या, लगेच उत्तर देऊ नका. कोणीतरी सांगतंच की ग्लास घालताना कडेने बुडबुडे आले होते. तिथून मुलं हळूहळू येतात की हवा तापून फुगली, थोडी बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. आणि पाणी चढतं मुख्यतः ज्योत विझल्यावरच, तेही बघायला सांगा. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, त्याआधीच ज्योत विझते.

काठी_आणि_सावली
मास्तरांशी एकदम सहमत. माझं आवडतं सांगतो, सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजायचा, खर्च शून्य. मी कोल्हापूरच्या बाजूला आहे, बीएडचा एक मित्र नाशिकजवळ शिकवतो. २१ मार्चला दोघांनी आपापल्या शाळेच्या मैदानात बरोबर १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि मुलांनी साडेअकरापासून दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण केली.

पहिला धक्का बाराला बसला. सगळ्यांनी लिहिलं होतं की १२ वाजता सावली सगळ्यात लहान असेल, पण १२ नंतरही ती लहानच होत राहिली आणि पावणेएकच्या जरा आधी सगळ्यात लहान झाली. मग तासभर फक्त यावरच वाद. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलंय, आपण त्याच्या पश्चिमेला ८ अंशांहून जास्त, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण ३३ मिनिटं इथेच गेली. उरलेली ७ मिनिटं पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे, ते सातवीला नुसतं सांगून सोडून दिलं तरी चालतं.

मग फोनवर आकडे जुळवले. आमची सावली ३० सेंटिमीटर, त्यांची साडेछत्तीस. त्रिकोणमिती मुलांना येत नाही, म्हणून मोठ्या कागदावर स्केलने काठी आणि सावलीचा त्रिकोण काढला आणि काठीच्या वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजला. आमचा १७ अंश आला, त्यांचा २०. फरक ३ अंश, म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांच्या गोलातला दोन गावांमधला तुकडा. नकाशावर पट्टी लावून दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर काढलं, साधारण ३६५ किलोमीटर. ३ अंशाला ३६५ तर ३६० अंशाला किती? जवळजवळ ४४ हजार किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर ४० हजार. एक मुलगी म्हणाली सर आपलं चुकलं, तर मी म्हटलं कुठे चुकलं ते शोध, आणि तिने शोधलं की कोनमापकावर फक्त पाव-अर्ध्या अंशाने चुकलं तरी हजारो किलोमीटरचा फरक पडतो. मोजमापातली चूक हा टॉपिक मी कधी एवढा चांगला शिकवला नव्हता! इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं, हे नंतर सांगितलं, आधी नाही.

गोकर्णवाली
मी आठवीला शिकवते, आमच्याकडे कोकणात कुंपणाकुंपणाला गोकर्ण असते. निळी फुलं गरम पाण्यात टाकली की मस्त निळं पाणी निघतं, लिंबू पिळलं की गुलाबी-जांभळं, खायच्या सोड्याचं पाणी घातलं की हिरवट. पण मी हे करून दाखवत नाही. प्रत्येक गटाला घरून ५ वस्तू आणायला सांगते, कोकम, ताक, साबण, राख, चुना काहीही, आणि त्यांनीच आंबटपणाचा क्रम लावायचा. हळदीचा कागदही देते. तो साबणाने लाल होतो पण लिंबाने काहीच होत नाही, तेव्हा मुलं विचारतात की मग नुसत्या हळदीने आम्ल ओळखता येईल का? हा प्रश्न मुलांकडून आला की मला त्या दिवशी बाकी काही नको असतं. चुना मात्र मुलांच्या हातात देऊ नका, मी स्वतः चमच्याने घालते. आणि अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊ वस्तूंपासून बनवायची खेळणी मराठीतही फुकट आहेत, ती बघाच.

पोर्शन_बाकी
सगळं छान आहे, पण पोर्शन कधी संपवायचा? सावलीत दोन दिवस गेले तर बाकीचे धडे कोण शिकवणार? केंद्रप्रमुख वही बघतात, सावली नाही बघत.

निवृत्त_मास्तर
अडचण खरी आहे सर. मी सत्रात असे तीनच घ्यायचो, पण प्रत्येकाला पूर्ण वेळ. बाकीचे धडे नेहमीसारखेच. आणि मुलांनी लिहिलेला अंदाज, तक्ता, वाद हे सगळं वहीतच असतं, ती वही पुढे ठेवायची.

सातवीच्या_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, काल मेणबत्तीचा केला. २९ पैकी २३ जणांनी 'तेवढंच चढेल' लिहिलं होतं. ३ मेणबत्त्यांना पाणी भसकन वर गेलं आणि पाच मिनिटं मला बोलूच दिलं नाही कोणी. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा एक मुलगा उठून म्हणाला, बाई, हवा गरम झाल्यामुळेच होत असेल तर मेणबत्ती नकोच, ग्लास गरम पाण्यात बुडवून काढू आणि रिकामाच उपडा घालू. मला हे सुचलंच नव्हतं. काच तडकेल म्हणून स्टीलचा पेला घेणार आहे, पण मग आतली पातळी दिसणार कशी? सोमवारी करायचंय, कोणाला सुचलं तर त्याआधी सांगा.