एम.एस्सी. प्रकल्प: कार्बन डायऑक्साइडसाठी कोणता उत्प्रेरक घेऊ?

मृण्मयी_रसायन
भौतिक रसायन, शेवटचं वर्ष. कार्बन डायऑक्साइडचं विजेच्या साहाय्याने क्षपण (त्याला इलेक्ट्रॉन देऊन दुसरी रसायनं बनवणं) हा विषय सरांनी मान्य केलाय. जिथे बघावं तिथे तांब्याचंच कौतुक, म्हणून तेच घ्यावं असं वाटतंय. आमच्याकडे पोटेन्शिओस्टॅट (ठरावीक व्होल्टेज देणारं यंत्र) आहे, द्रावणातले रेणू ओळखणारा एनएमआर विद्यापीठात पैसे भरून मिळतो. वायू मोजणारा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) मात्र कधीचा बंद. एका सत्रात निभेल असं काहीतरी सुचवा.

खडूस_पोस्टडॉक
जीसी नाही आणि तांबं घेतेस? अजिबात नको.

जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरींनी 1985 साली तांब्यावर मिथेन मिळतो हे दाखवलं, तेव्हापासून सगळे त्याच्या मागे आहेत. पण 2012 साली स्टॅनफर्डच्या गटाने तांब्यावरची 16 वेगवेगळी उत्पादितं मोजली. त्यातली महत्त्वाची वायुरूप. ती मोजताच आली नाहीत तर तोंडी परीक्षेत काय सांगणार?

कथील किंवा बिस्मथ घे. दोन्हींवर मुख्यतः फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा आयन) बनतं आणि ते द्रावणातच राहतं. एनएमआरमध्ये 8.4 पीपीएमच्या आसपास त्याची सुटी एकेरी रेघ येते. तुलनेसाठी डीएमएसओ हा द्रव मोजून घाल, पाण्याचा संकेत दाबून घे, झालं. एका रेणूमागे 2 इलेक्ट्रॉन, त्यावरून फॅराडे कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या विजेपैकी किती फॉर्मेटमध्ये गेली ते, काढायची. सोनं-चांदी कार्बन मोनॉक्साइड देतात, म्हणजे पुन्हा जीसी आलाच.

भट्टीवाला
विजेच्या नादात खरा कारखाना विसरू नका. मिथेनॉलसाठी तांबं-झिंक ऑक्साइड-अ‍ॅल्युमिना, 200 ते 300 अंश तापमान, 50 ते 100 बार दाब. आइसलँडच्या स्वार्त्सेंगीला भूऔष्णिक केंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या विद्युतविघटनातून मिळालेला हायड्रोजन घेऊन मिथेनॉल बनवलं गेलं आहे. पीएच.डी. करणार असशील तर या बाजूलाही बघ. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेला याच विषयाची राष्ट्रीय केंद्रं आहेत.

खडूस_पोस्टडॉक
@भट्टीवाला, +1, पण 50 बारची अणुभट्टी, चुकलो, अभिक्रियापात्र कॉलेजात कोण देणार?

मृण्मयी, उत्प्रेरकाच्या नावापेक्षा मांडणीकडे लक्ष दे. 0.1 मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट घे, वायू सोडून संपृक्त केल्यावर पीएच साधारण 6.8 येतो. व्होल्टेज आरएचईवर (पीएचवर अवलंबून असलेल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मोजपट्टीवर) बदलताना हाच आकडा घ्यायचा, वायू सोडण्याआधीचा नाही. दुसरा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा नको. तो थोडाथोडा विरघळून तुझ्या कथिलावर बसतो आणि मग हायड्रोजनच सुटत राहतो. ग्रॅफाइटची कांडी वापर. मध्ये पटल हवंच, नाहीतर बनलेलं फॉर्मेट पलीकडे जाऊन जळतं.

आणि आरगॉन सोडून तोच प्रयोग कर. त्यातही फॉर्मेट दिसलं तर ते सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं नाही, बायकार्बोनेटमधून, तुझ्या उत्प्रेरकाच्या शाईतून (लेपातून) किंवा काचेवरून आलेलं असू शकतं. निम्मे प्रबंध इथे गप्प असतात.

सुगरण_इंजिनिअर
विद्युतप्रवाह फार कमी आला तर घाबरू नकोस. 25 अंशाला पाण्यात जेमतेम 33 मिलिमोलर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, साध्या एच-सेलमध्ये (दोन कप्प्यांच्या काचपात्रात) त्याहून जास्त मागायचं नाही. वायू-विसरण इलेक्ट्रोडवर (सच्छिद्र, वायू थेट आत घेणाऱ्या) प्रवाह वाढतो, पण तिथे कार्बोनेटचं मीठ साचून छिद्रं बुजतात. ते दुखणं सध्या नको.

मृण्मयी_रसायन
खूप आभार! बिस्मथ सरांना पटणार नाही, कथीलच घेते. शेवटची शंका: रविवार पेठेत कल्हईवाल्यांकडे कथील मिळतं. घासूनपुसून चालेल का?

खडूस_पोस्टडॉक
नको. बाजारच्या कथिलात शिसं मिसळलेलं असू शकतं. दुसरं काही असतं तर आकडे बिघडलेले लगेच दिसले असते, पण शिशावरही फॉर्मेटच बनतं. श्रेय कुणाला द्यायचं ते कळणारच नाही. 99.99 टक्के शुद्ध पत्रा मागव, छोटा तुकडा पुरतो.