अमरावतीहून मुंबई: एक ऑफिस बीकेसीत, दुसरं ऐरोलीत. घर कुठे घ्यावं?

अंबानगरी
उन्हाळ्यात अमरावतीहून मुंबईला बिऱ्हाड हलवायचं आहे. मिस्टरांचं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), आठवड्याचे पाचही दिवस. माझं ऐरोलीच्या आयटी पार्कात, तीन दिवस. मुलगी पाचवीत जाईल, सेमी इंग्रजी. भाडं मेंटेनन्स धरून ३५ हजारांपर्यंत, डिपॉझिट लाखभर. कार नाही, एक स्कूटर आहे. एजंटांनी ठाणे, मुलुंड, ऐरोली, घाटकोपर आणि डोंबिवली सुचवलं आहे, आणि प्रत्येक घर म्हणे "स्टेशनपासून दहा मिनिटं". नकाशावर ठाणे मधोमध दिसतं. घोडबंदर रोडला याच बजेटात नव्या टॉवरमध्ये टू बीएचके मिळतोय, तिकडे कल आहे. काही चुकतंय का?

धीमी_लोकल
ताई, घोडबंदर आधी बाजूला ठेवा. जाहिरातीत "ठाणे पश्चिम" लिहिलेलं घर कासारवडवलीला असेल तर ते स्टेशनापासून दहाएक किलोमीटरवर आहे. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, सगळीकडे मेट्रो ४ चं काम आणि त्यात गुजरातकडची अवजड वाहतूक. गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की मागे लागणारी रांग विचारू नका. "मेट्रो येतेय" म्हणून आज जास्तीचं भाडं देऊ नका. ज्या दिवशी गाडी धावेल त्या दिवशी घर बदलता येतं, भाड्याच्या घराचा तेवढाच तर फायदा.

आता तुमच्या दोन ऑफिसांचं. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, गाड्या किती बदलाव्या लागतात ते मोजा. बीकेसीसाठी कुर्ला हे मुख्य स्टेशन. पश्चिमेला उतरायचं, तिथून शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस. सकाळी रिक्षाला रांग असते, हा शेवटचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा वीस मिनिटं ते अर्धा तास खातो. मुलुंड ते कुर्ला धीम्या लोकलने पंचवीसेक मिनिटं. म्हणजे घर मुलुंड स्टेशनाजवळ असेल तर दारापासून ऑफिसपर्यंत सव्वा तास धरा. डोंबिवलीहून हेच पावणेदोन तासांवर जातं, शिवाय सकाळी आठ-साडेआठला डोंबिवलीत फास्ट गाडीत शिरणं नवख्या माणसाचं काम नाही. भाडं निम्मं दिसतं, पण तिथे "डोंबिवली" म्हणून पलावा ही टाउनशिपही दाखवतील. त्याचं जवळचं स्टेशन निळजे, ते दिवा-पनवेल मार्गावर आहे आणि तिथे मुख्य मार्गासारख्या मिनिटामिनिटाला लोकल नाहीत.

मुलुंडचा फायदा असा की ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकलचा हा पहिलाच थांबा. बसायला मिळेल याची हमी नाही, पण आत उभं राहायला जागा मिळते. सकाळी फास्टच्या मागे धावू नका. मुलुंड ते कुर्ला एवढ्याशा अंतरात फास्टने वाचणारी मिनिटं पुढच्या गाडीची वाट बघण्यात जातात.

पर्यायी रस्ता आजच पाठ करून ठेवा: घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ पकडून थेट बीकेसी. वळसा आहे, तिकिटाला जास्त पैसे लागतात, पण जोराच्या पावसात शीव-कुर्ला पट्ट्यात रुळांवर पाणी चढलं की मुख्य आणि हार्बर दोन्ही मार्ग अडकतात, तेव्हा हाच कामी येतो. मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन सगळ्या ऑफिसांना जवळ नाही. डायमंड बोर्स म्हणजे हिरे बाजाराकडच्या बाजूला ऑफिस असेल तर चालणं किंवा रिक्षा धरा.

तुमच्यासाठी मुलुंड ते ऐरोली: मुलुंड पूर्वेहून ऐरोली पूल ओलांडला की झालं. बस आहेत, स्कूटर तर आहेच. रेल्वेने जायचं तर मुलुंडहून एक स्टेशन ठाणे, तिथे ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल, पकडायची. तुमचं आयटी पार्क नेमकं कुठलं ते बघा. ऐरोली स्टेशनाला लागून असेल तर प्रश्नच नाही. दिघ्याच्या बाजूचं असेल तर दिघा गाव स्टेशन जवळ पडू शकेल, ते जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, जुन्या नकाशात सापडणार नाही.

थोडक्यात माझा क्रम: मुलुंड पूर्व, मग ठाणे पूर्व म्हणजे कोपरी. ठाण्यात ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात आणि ते पूर्वेच्या अंगाला आहेत. कोपरीतला माणूस सरळ फलाटावर येतो, पश्चिमेच्या नौपाड्यातल्या माणसाला गर्दीचा सगळा पूल ओलांडावा लागतो. ३५ हजारांत मुलुंडला स्टेशनाजवळ जुन्या इमारतीतला वन बीएचके मिळेल, टू बीएचकेचा हट्ट असेल तर मुलुंड सोडावं लागेल. घाटकोपर प्रवासाला सगळ्यात सोयीचं, पण एवढ्या पैशांत तिथे फार लहान घर येतं.

सेक्टर_८
वरच्या हिशेबात शाळा राहिली. दुपारी एकला शाळेतून फोन आला की मुलीला ताप आहे, तर कोण पोचणार? बीकेसीतला माणूस दोन तासांत. त्यामुळे घर आईच्या ऑफिसाजवळ, हे माझं मत. ऐरोलीत ३५ हजारांत बऱ्या सोसायटीत टू बीएचके मिळू शकतो, मिस्टरांना ऐरोली-ठाणे-कुर्ला असा एक बदल जास्त पडेल, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. ठाण्याकडची गर्दी टाळायची तर ऐरोली-वाशी-कुर्ला असाही रस्ता आहे, हार्बरने. वेळ जास्त लागतो.

पाण्याचं सुख हे ऐरोलीचं खरं कारण. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. घोडबंदरच्या टॉवरांत उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समधून निघतो.

फक्त एक सांभाळा. ऐरोली-दिघ्यात स्वस्त घर दिसलं की इमारत सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) भूखंडावर आहे की गावठाणालगत विनापरवाना उभी राहिलेली, हे विचारा. दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, दाखवा म्हणायचं. मालक "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला तर दुसरं घर बघा.

धीमी_लोकल
@सेक्टर_८ मुद्दा पटला, पण आठवड्यातले दोन दिवस ताई घरीच आहेत आणि मुलुंडहून ऐरोली स्कूटरवर फार लांब नाही. पाच दिवस रोज सव्वा तासाचे पावणेदोन तास करण्यापेक्षा हे बरं. ऐरोलीच घ्यायची तर मिस्टरांना आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम मिळतं का, ते आधी विचारा. मिळत असेल तर मी माझं मत बदलतो.

नोंदणी_खिडकी
एरिया ठरवा, पण कागद नीट करा. भाडेकरार म्हणजे इथे लिव्ह अँड लायसन्स, बहुधा ११ महिन्यांचा. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. जबाबदारी मालकाची. नुसत्या नोटरीवर भागवू नका. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, हे मालकाला सांगितलं की तो सहसा तयार होतो.

खर्च: भाडं ३२,०००, डिपॉझिट १,००,००० धरा. ११ महिन्यांचं भाडं ३,५२,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज मानून ११ महिन्यांचे सुमारे ९,१६७. बेरीज ३,६१,१६७, त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ९०३ च्या आसपास, शंभराच्या पटीत वर धरून १,०००. शहरी भागात नोंदणी फी आणखी १,०००. एजंट "अॅग्रीमेंटचे आठ हजार" म्हणाला तर उरलेले कशाचे ते विचारा. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि बोटांचे ठसे लागतात, दोन साक्षीदारही.

मसुद्यात तीन जागी थांबून वाचा. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती: नव्या गावात तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका, घर चुकलं तर सुटता आलं पाहिजे. डिपॉझिट: किल्ली देताना त्याच दिवशी परत, असं लिहून घ्या, आणि रंगाचे पैसे कापणार का तेही. मुदत: संपल्यावर करार न वाढवता राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते, तेव्हा ११ व्या महिन्यातच हालचाल करा. दलाली साधारण एक महिन्याचं भाडं. नूतनीकरणाला पुन्हा दलाली मागतात, ते पहिल्याच दिवशी बोलून टाका.

सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं, मालकानेच भरायचं असतं, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कधीकधी ते गुपचूप भाडेकरूच्या माथी येतं.

अंबानगरी
सगळ्यांचे आभार. मिस्टरांना घरून काम नाही, विचारलं. म्हणजे मुलुंड पूर्व किंवा कोपरी. घर बघायला एकदाच येणं होईल. काय तपासू? आणि शाळेचं कसं?

गच्चीखालचा_मजला
शनिवार-रविवारी येऊ नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, आणि सुट्टीच्या दिवशी कुठलंही स्टेशन मोकळंच दिसतं. मंगळवार-बुधवार धरून या. सकाळी आठ वाजता त्या घराच्या दारातून निघून बीकेसीच्या गेटपर्यंत जा आणि संध्याकाळी साडेसहाला परत या. एजंटच्या "दहा मिनिटां"चा निकाल तिथेच लागतो.

घरात: पालिकेचं पाणी किती वाजता येतं आणि टाकीतून दिवसातून किती वेळ सोडतात, हे सेक्रेटरीला नाही, वॉचमनला विचारा. दोघेही आठला बाहेर पडणार असाल तर साडेआठला पाणी सुटणाऱ्या सोसायटीत हाल होतात. सगळ्यात वरचा मजला उन्हाळ्यात बघू नका, बघितलात तर छताचे कोपरे आणि पंख्याच्या हुकाभोवतीचा रंग बघा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर त्यामागे ओल असते. बाथरूमची सामाईक भिंत पलीकडच्या खोलीतून हाताने चाचपा. तळमजला पावसासाठी टाळा. क्षेत्रफळ फक्त कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापराचं, विचारा. ठाणे आणि मुलुंड दोन्हीकडे वीज महावितरणची, त्यामुळे मागची थकबाकी नाही ना, ते ग्राहक क्रमांकावरून बघून घ्या. स्कूटरची पार्किंग करारात लिहा, नाहीतर सोसायटी रस्त्यावर लावायला सांगते.

शाळेची घाई करा. पाचवी हा चांगला टप्पा आहे, बऱ्याच मराठी आणि सेमी इंग्रजी माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे तिथे नव्या जागा असतात. आरटीईचा (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्क्यांचा कोटा फक्त पहिल्या पायरीच्या वर्गाला, पाचवीला तो धरू नका. आणि तारखा सांभाळा: विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, मुंबई-ठाण्यातल्या जूनच्या मध्यालाच. तिकडच्या शाळा उघडायची वाट बघत बसलात तर इकडचे पहिले दहा-पंधरा दिवस जातील. शाळा सोडल्याचा दाखला निकालाबरोबरच, मेच्या सुट्टीत कार्यालय बंद व्हायच्या आत काढा, आणि सरल या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा विद्यार्थी क्रमांक लिहून आणा. नवी शाळा तो पहिल्याच दिवशी मागते.