अनुभव धागा : रानात, डोंगरावर, नदीकाठी मनाला विसावा कधी मिळाला?

निसर्गात गेल्यावर मन शांत झाले, असे आपण सहज म्हणून जातो. पण ते नेमके कशाने झाले, हे सांगायची वेळ आली की अडखळतो. या धाग्यावर स्थळाची माहिती किंवा राहण्याजेवण्याच्या सोयी नकोत. आपण कोणत्या अवस्थेत गेलात आणि तिथे काय घडले, तेवढेच लिहावे. देव न मानणाऱ्यांनीही अवश्य लिहावे.

सुरुवात मीच करतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवराईतून सुकलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाचे विधी आटोपल्यावर मी तिथे एकटाच जाऊन बसलो. समोर एक जुने झाड उन्मळून पडलेले होते आणि कोणी न उचलल्यामुळे त्याच्या खोडावर शेवाळ, आळंबी आणि दोन-तीन कोवळी रोपे वाढली होती. वर्षभर मी वडिलांचा चष्मा, काठी, कागदपत्रे आवरून टाकण्याच्या मागे लागलो होतो. इथे मात्र पडलेल्याला पडू दिले होते आणि त्याचे पुढे काय व्हायचे ते आपोआप होत होते. मी त्या दिवशी प्रथमच रडलो. घरी आल्यावर काठी पुन्हा दारामागे ठेवली.

---

मी नास्तिक आहे, तरी लिहितो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राय आहे. तिथल्या पाणथळ जमिनीत रानजायफळाच्या कुळातली झाडे उभी आहेत आणि चिखलात गुदमरू नये म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. नोकरी सुटल्यावर मी तिथे गेलो होतो. ज्याला आकारच नाही अशा देवासाठी लोकांनी एवढे रान राखले, याचे मला अजून नवल वाटते. हात जोडले नाहीत. पण तासभर तोंडातून शब्द निघाला नाही, आणि माझ्या पत्नीच्या मते हा चमत्कारच होय.

---

गुजरातेत तिलकवाड्याजवळ नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वाहते. त्या पट्ट्यातली उत्तरवाहिनी परिक्रमा चैत्रात करतात. ती मी केली. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे, एवढा एकच नियम ध्यानात ठेवला. घरात आणि कार्यालयात दिवसभर निर्णय घेऊन थकलेल्या मला, पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे मैयाने ठरवून ठेवले आहे, ही गोष्ट फार मोठी वाटली. दुपारनंतर जप थांबला, मनातला हिशेब थांबला आणि केवळ पायांना आलेल्या फोडांची जाणीव उरली. तीही, खरे सांगते, नकोशी नव्हती.

---

वेगळा सूर लावतो, क्षमस्व. जोडून आलेल्या सुट्ट्यांत हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभे राहून पिंडीपाशी क्षणभर डोळे मिटावेत, एवढीच इच्छा होती. पण मागे छायाचित्रांसाठी रांग लागलेली आणि कोणाच्या तरी स्पीकरवर गाणी चालू. शांती मिळाली नाही, उलट संताप घेऊन उतरलो. रानात गेले की विसावा मिळतोच, असे गृहीत धरणाऱ्यांसाठी ही नोंद.

---

मला कुठे जाता येत नाही. सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. पूर्वी आम्ही दोघी देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जात असू. तुकोबा एकांतासाठी जिथे बसत, तिथे त्या डबा सोडायच्या आणि मी त्यांना घाई करायची. आता त्यांच्या खिडकीबाहेर एक पिंपळ आहे, तेवढेच आमचे रान. संध्याकाळी त्यांचे अंग पुसून झाले की मी पलंगाच्या कडेला बसते आणि दोघी वाऱ्यावर हलणारी पाने पाहतो. अलीकडे त्यांना माझे नावही आठवत नाही. यंदा झाड पूर्ण उघडे झाले, मग एके सकाळी तांबूस, चकचकीत पाने दिसू लागली. मी औषधे मोजत होते. त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, पालवी आली बघ."